कब्बाला वाचायचीय? मग 'हे कुठल्या पानावर आहे?' असं विचारायची सवय लावून घ्या

कब्बाला म्हणजे ज्यूंची गूढवादी परंपरा. पण कब्बाला असं नेटवर टाकलं की काय काय समोर येतं बघा, टॅरोची कार्डं, नावाच्या स्पेलिंगवरून लकी नंबर, मनगटावरचा लाल दोरा, वाढदिवसाप्रमाणे मिळणारा एंजल, दोन दिवसांचा ऑनलाइन कोर्स, आणि या सगळ्यावर पाटी एकच, 'ज्यू लोकांचं हजारो वर्षांचं गुप्त ज्ञान'. यातलं बरंचसं युरोपात गेल्या दोनअडीचशे वर्षांत तयार झालेलं आहे आणि ज्यू घरात वाढलेल्या माणसाला ते ओळखूही येणार नाही. दुसरीकडे खरे ग्रंथ आहेत, छापलेले आहेत, त्यातले पुष्कळसे फुकट वाचता येतात, पण तिकडे फार कमी लोक वळतात याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून हे लिहितोय, ज्यांना हिब्रू येत नाही, जे ज्यू नाहीत, पण ज्यांना खरं काय ते आपल्या डोळ्यांनी बघायचंय त्यांच्यासाठी.

पायरी १: समोर आलेली कब्बाला कुठल्या घराण्यातली ते ओळखा

ढोबळमानाने घराणी तीन. पहिलं ज्यू घराणं, जे बाराव्या शतकाच्या शेवटी दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हान्समध्ये ठळकपणे दिसायला लागतं, तिथून स्पेनमध्ये हेरोना आणि कास्तील, आणि १४९२ मध्ये स्पेनमधून ज्यूंना हाकलल्यावर पुढे सोळाव्या शतकात आजच्या उत्तर इस्राएलमधल्या गॅलिलीतल्या त्सफात गावात.

दुसरं ख्रिश्चन घराणं. १४८६ मध्ये पिको देल्ला मिरांदोला या तरुण इटालियन विद्वानाने ९०० सिद्धांत मांडले आणि त्यात असं म्हटलं की ख्रिस्ताचं देवत्व जादू आणि कब्बाला यांच्याइतकं दुसरं कुठलंच शास्त्र पटवून देत नाही. म्हणजे ज्यू ग्रंथ वापरून ज्यूंनाच ख्रिश्चन धर्म खरा आहे हे सांगायचं. त्यानंतर योहानेस रॉइख्लिन, १५१७ चं त्याचं पुस्तक, आणि सतराव्या शतकात क्नोर फॉन रोझेनरोथ, ज्याने झोहर या कब्बालाच्या मुख्य ग्रंथातले काही भाग लॅटिनमध्ये आणले.

तिसरं घराणं ऑकल्टवाल्यांचं, म्हणजे जादू आणि गुप्तविद्या मानणाऱ्यांचं. एकोणिसाव्या शतकातला फ्रेंच लेखक एलिफास लेव्ही, मग लंडनमध्ये १८८८ मध्ये सुरू झालेली गोल्डन डॉन ही संस्था, मग अलिस्टर क्रोली वगैरे. आज सोशल मीडियावर दिसणारी कब्बाला बहुतेक वेळा याच घराण्यातली असते.

एक सोपी खूण सांगतो, इंग्रजी स्पेलिंग बघा. के ने सुरू होत असेल तर बहुधा ज्यू, सी ने असेल तर ख्रिश्चन, क्यू ने असेल तर ऑकल्ट. हा काही पक्का नियम नाही, पण लिहिणारा कुठून बोलतोय याचा अंदाज येतो. आणि तिसऱ्या घराण्यातलं काही वाचायचं नाही असं मी म्हणत नाहीये, तोही युरोपचा इतिहास आहे, फक्त त्याला ज्यू म्हणू नका.

पायरी २: आधी तनख, म्हणजे ज्यूंचं बायबल

ही पायरी सगळ्यांना टाळायची असते आणि इथेच घोळ होतो. कब्बाला हे तोराह, म्हणजे तनखमधली पहिली पाच पुस्तकं, वाचायची एक पद्धत आहे. झोहर उघडलात तर जवळजवळ प्रत्येक चर्चा कुठल्यातरी वचनापासून सुरू होते, आणि ते वचन तुम्हाला माहीत नसेल तर पुढचं सगळं हवेत जातं.

आपली सोय अशी की मराठीत जुना करार सहज मिळतो. त्यातलं एवढं तरी वाचा: उत्पत्तीचे पहिले तीन अध्याय, निर्गमचे १४, १९ आणि २०, यशयाचा सहावा, यहेज्केलचा पहिला अध्याय, नीतिसूत्रांचा आठवा आणि पूर्ण गीतरत्न. यहेज्केलचा पहिला सावकाश वाचा, चार चेहऱ्यांचे प्राणी, चाकांत चाकं, वर सिंहासन. ज्यू गूढवादाची सगळ्यात जुनी धारा याच दर्शनावर उभी आहे, तिला मेर्कावा म्हणतात, मेर्कावा म्हणजे रथ. एक लक्षात ठेवा, मराठी बायबल ख्रिश्चन संस्थांनी छापलेलं असतं त्यामुळे पुस्तकांचा क्रम आणि काही वचनांचे नंबर हिब्रू आवृत्तीशी जुळत नाहीत, संदर्भ एखाद्या वचनाने इकडेतिकडे निघाला तर गोंधळून जाऊ नका.

यासोबत मिश्ना या ज्यूंच्या जुन्या धर्मनियमांच्या संग्रहातलं एक वाक्य माहीत हवं, हगीगा या भागाच्या दुसऱ्या अध्यायातलं. त्यात म्हटलंय की सृष्टीच्या उत्पत्तीचा विषय दोघांसमोर काढू नये, आणि रथाचा विषय तर एकासमोरही नाही, जर तो शहाणा आणि स्वतःच्या अकलेने समजून घेणारा नसेल तर. म्हणजे हे काळजीपूर्वक द्यायचं ज्ञान आहे ही जाणीव आतूनच आलेली आहे, आणि ती कब्बाला हा शब्द या अर्थाने रूढ व्हायच्या किती तरी आधीची.

पायरी ३: ग्रंथ काळाच्या क्रमाने बघा

सेफेर येत्सिरा हे अगदी छोटं पुस्तक, काही पानांचं. कधी लिहिलं गेलं यावर अभ्यासकांचं एकमत नाही, पण सादिया गाओन या ज्यू विद्वानांनी ९३१ च्या सुमारास त्यावर भाष्य लिहिलं म्हणजे त्याआधीचं नक्की. जगाची रचना ३२ मार्गांनी झाली असं ते सांगतं, १० सफिरोत आणि हिब्रूची २२ अक्षरं. पुढच्या ग्रंथांत सफिरोत म्हणजे देव ज्या दहा रूपांतून प्रकट होतो ती. आता इथे थांबून एक गोष्ट तपासा, या पुस्तकात १० सफिरोत आहेत पण हेसेद, गव्हुरा, तिफेरेत ही जी नावं आपण चार्टवर बघतो ती सफिरोतची नावं म्हणून यात नाहीत आणि झाडाचं चित्रही नाही. सफिरोत इथे खोली, दिशा, संख्या अशा अर्थाने येतात. कुणी सांगितलं की 'अब्राहमच्या काळापासून ट्री ऑफ लाइफ सेफेर येत्सिरात आहे', तर त्याने पुस्तक उघडलेलं नाही हे समजून जा.

मग बाहिर हा ग्रंथ, बाराव्या शतकाच्या शेवटी प्रोव्हान्समध्ये समोर आलेला. त्याच भागातले आंधळे रब्बी (म्हणजे ज्यू धर्मगुरू) इसहाक, आणि त्यांच्या परंपरेत हेरोनाचे अझ्रिएल, एझ्रा आणि तोराहचे मोठे भाष्यकार नाहमानिदेस. नाहमानिदेस मुद्दाम वाचण्यासारखे आहेत कारण ते साधं भाष्य लिहिता लिहिता मध्येच 'सत्याच्या मार्गाने' असं म्हणून एकदोन ओळींत गूढ अर्थाकडे बोट दाखवतात आणि पुढे निघून जातात. त्यांच्यासारख्या धर्मशास्त्रातल्या दिग्गजाने हे केलंय यावरून कळतं की कब्बाला ही धर्माच्या बाहेर पळालेल्या लोकांची भानगड नव्हती. जोसेफ गिकातिला यांचा शारेई ओरा हा ग्रंथ त्यानंतरचा, देवाची एकेक नावं घेऊन सफिरोत समजावणारा, आणि नवख्या माणसाला यातला सगळ्यात पद्धतशीर ग्रंथ हाच वाटतो असं माझं मत आहे.

पायरी ४: झोहर, आणि तो कुणी लिहिला हा प्रश्न न घाबरता विचारा

झोहर अरामी भाषेत आहे आणि त्यात दुसऱ्या शतकातले रब्बी शिमोन बार योहाय आणि त्यांचे सोबती गॅलिलीत हिंडत तोराहवर बोलतात, वाटेत कुणी गाढव हाकणारा भेटतो आणि तोच मोठा ज्ञानी निघतो, असं सगळं. लोकांसमोर मात्र तो आला तेराव्या शतकाच्या शेवटी कास्तीलमध्ये, मोझेस दे लेओन यांच्याकडून.

एकर गावचे रब्बी इसहाक १३०५ मध्ये स्पेनमध्ये याचाच तपास करत होते. मोझेस दे लेओन त्यांना भेटले, शपथेवर म्हणाले की मूळ जुनी प्रत माझ्या आविलाच्या घरी आहे, दाखवतो. आणि घरी पोचायच्या आधी वाटेतच ते वारले. पुढे इसहाकना लोकांकडून कळलं की एका श्रीमंत माणसाने मोझेसच्या विधवेला मूळ प्रत मागितली, बदल्यात तिच्या मुलीला सून करून घ्यायची तयारी दाखवली, तेव्हा ती बाई म्हणाली की अशी प्रत कधी नव्हतीच, नवरा स्वतःच्या डोक्यातून लिहायचा. ही हकीकत अब्राहम झाकुतो यांच्या इतिहासग्रंथात टिकून राहिली. विसाव्या शतकात गेर्शोम शोलेम यांनी भाषेचा बारीक अभ्यास करून मोझेस दे लेओन हेच मुख्य लेखक असं मांडलं, नंतर येहुदा लीबेस यांनी हे एका माणसाचं नसून एका गटाचं काम असावं असं सुचवलं.

आता यावरून 'झोहर बनावट' असा निष्कर्ष काढू नका. धार्मिक ज्यूंमध्ये आजही पुष्कळ लोक तो रब्बी शिमोन यांचाच मानतात आणि त्याला पवित्र मानून वाचतात. तर ज्यू समाजातच शंका घेणारेही होते, व्हेनिसचे लेओन मोदेना सतराव्या शतकात, आल्तोनाचे याकोब एम्डेन १७६८ मध्ये. अस्सल असणं आणि अतिप्राचीन असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. झोहर अस्सल आहे कारण तो त्या भाषेत, त्या वचनांवर, त्या समाजासाठी लिहिला गेला आणि त्या समाजाने सातशे वर्षं तो आपला मानला, मग लेखणी कुणाचीही असो.

वाचताना पान एकपासून सुरुवात करू नका, प्रस्तावनेचा आणि बेरेशीतचा, म्हणजे उत्पत्तीच्या सुरुवातीवरचा, भाग भलताच अवघड आहे. माझा सल्ला, आधी पताह एलियाहू वाचा. तिक्कुनेई झोहर या झोहरला जोडून येणाऱ्या ग्रंथातला हा छोटा उतारा, पान १७ए, सेफार्दी म्हणजे मूळ स्पेनकडच्या ज्यूंच्या प्रार्थनापुस्तकांत छापलेला असतो. एलियाहू संदेष्टा बोलतो, 'तू एक आहेस पण मोजण्यातला एक नाहीस', आणि मग हेसेद उजवा हात, गव्हुरा डावा हात, तिफेरेत धड असं सांगत जातो आणि शेवटी परत तेच ठासून सांगतो की तू या सगळ्यांपलीकडचा आहेस. एका पानात कब्बालाचा सगळा ताण दिसतो, देवाबद्दल बोलायचंही आहे आणि बोललं की मोजमाप होतं याची भीतीही आहे.

संदर्भ द्यायची पद्धत समजून घ्या, कारण तपासायचं हत्यार तेच आहे. झोहर १५५८ ते १५६० मध्ये इटलीत मांतुआला तीन भागांत छापला गेला (जवळपास त्याच वेळी क्रेमोनालाही) आणि आजही मांतुआची पानंच चालतात. '३:१२७बी' म्हणजे तिसरा भाग, १२७ व्या पानाची मागची बाजू. 'झोहरमध्ये सांगितलंय' असं कुणी म्हणालं की हा आकडा मागा. आकडा मिळाला तर उघडून बघा, मिळाला नाही तर ते वाक्य बाजूला ठेवा.

पायरी ५: त्सफात

सोळाव्या शतकात या एका डोंगरावरच्या गावात काय माणसं एकत्र आली होती! शुल्हान आरुख हा धर्मनियमांचा ग्रंथ लिहिणारे योसेफ कारो, लेखा दोदी हे गाणं रचणारे श्लोमो अल्काबेत्स, त्यांचे मेहुणे मोशे कोर्दोवेरो आणि १५७० मध्ये इजिप्तहून आलेले इसहाक लुरिया, ज्यांना आरी म्हणतात. आरी तिथे दोनच वर्षं जगले, १५७२ मध्ये साथीत गेले, वय ३८. स्वतः फारसं लिहिलं नाही, जे आहे ते मुख्यतः शिष्य हायीम विताल यांच्याकडून आलं, एत्स हायीम वगैरे ग्रंथांत. देवाने जगाला जागा करून द्यायला स्वतःला आखडून घेतलं, मग प्रकाश धरणारी पात्रं फुटली, आणि माणसाने मित्झवा, म्हणजे तोराहमधल्या आज्ञा, पाळून विखुरलेल्या ठिणग्या परत जागेवर न्यायच्या, हा लुरियांचा विचार.

इथे शेवटचा भाग नीट ऐका. दुरुस्ती होते ती शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा पवित्र विश्रांतीचा दिवस, पाळून, प्रार्थनेतून, आशीर्वाद म्हणून जेवण्यातून. नवीन पुस्तकांत हा भाग गाळून 'स्वतःची एनर्जी हील करा' एवढंच उरवलं जातं, आणि मग तो लुरियांचा विचार राहत नाही. मित्झवा काढली की कब्बालाचा कणाच निघतो. नवख्यांनी त्सफातमध्ये शिरायचं तर कोर्दोवेरोंच्या तोमेर देव्होरापासून शिरावं, छोटं पुस्तक आहे, प्रत्येक सफिरा माणसाने वागण्यात कशी आणायची, म्हणजे सहन कसं करायचं, दुसऱ्याचा मान कसा ठेवायचा, याबद्दल. एत्स हायीम लांब ठेवा, ते शिक्षकाशिवाय उलगडत नाही.

चाळिशीच्या आत वाचू नये हा नियम खूप सांगितला जातो. त्याच्यामागे इतिहास आहे. १६६५ मध्ये शब्बताई झ्वीला मसीहा म्हणून जाहीर केलं गेलं, कब्बालाच्या भाषेत त्याचं समर्थन झालं, आणि पुढच्याच वर्षी त्याने इस्लाम स्वीकारला, हजारो लोकांचा विश्वास मोडला. पुढे त्याचे छुपे अनुयायी राहिलेच, म्हणून १७५६ मध्ये ब्रोदीच्या रब्बींनी झोहरला ३० आणि लुरियांच्या ग्रंथांना ४० वर्षांची अट घातली. कोर्दोवेरोंनी मात्र आपला मोठा ग्रंथ १५४८ मध्ये, २६ च्या आसपास वय असताना पुरा केला होता. वयाची अट ही जखमेनंतरची काळजी होती, ती तशीच समजून घ्या.

पायरी ६: चार दावे आणि ते कसे तपासायचे

गेमात्रिया. हिब्रू अक्षरांना आकडे आहेत, आलेफ १, योद १०, कोफ १००, ताव ४००. एहाद म्हणजे एक, बेरीज १३. अहवा म्हणजे प्रेम, बेरीज १३. दोन्ही मिळून २६, आणि देवाच्या चार अक्षरी नावाची बेरीजही २६. ही खरी गेमात्रिया, हिब्रू शब्दांची आणि बहुतेक वेळा वचनाच्या अर्थासाठी. तुमच्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक जास्तीचा ए घालणं हे न्यूमरॉलॉजी आहे.

टॅरो. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत खेळायचे पत्ते म्हणून सुरू झालं. अठराव्या शतकाच्या शेवटी पॅरिसमध्ये कुणीतरी त्याचा हिब्रू अक्षरांशी संबंध जोडला आणि १८५० च्या दशकात लेव्हीने तो पक्का रुजवला. २२ कार्डं आणि २२ अक्षरं, एवढाच आधार. झोहर, कोर्दोवेरो, लुरिया, कुठेच टॅरो नाही.

७२ नावं. हे जरा गुंतागुंतीचं आहे. निर्गम १४ च्या १९, २० आणि २१ या तीन वचनांत प्रत्येकी ७२ अक्षरं आहेत आणि त्यातून तीन तीन अक्षरांची ७२ नावं काढायची रीत खरोखर ज्यू आहे आणि जुनी आहे. पण वर्षाचे भाग पाडून 'तुमच्या जन्मतारखेचा गार्डियन एंजल' देणं ही बाहेरची, नंतरची भर. म्हणजे मूळ आतलं आणि फांदी बाहेरची असंही होतं, त्यामुळे पूर्ण खरं किंवा पूर्ण खोटं असा शिक्का घाईने मारू नका. ताईत, देवदूतांची नावं असलेले कागद ज्यू समाजातही वापरले जायचेच.

लाल दोरा. बेथलेहेमजवळच्या राहेलच्या कबरीला गुंडाळून आणलेला दोरा बांधायची लोकप्रथा आहे. लोकप्रथा म्हणून तिचा मान ठेवा, कब्बालाचा सिद्धांत म्हणून पैसे मोजू नका.

पायरी ७: आपल्याकडच्या कल्पना थोडा वेळ बाजूला

मराठी वाचकाला मोह होणारच, एन सोफ (अनंत, म्हणजे सफिरोतपलीकडचा देव) म्हणजे निर्गुण ब्रह्म, शेखिना (जगात असलेलं देवाचं सान्निध्य) म्हणजे शक्ती, सफिरोत म्हणजे चक्रं. मला तो मोह समजतो, पण अशी बरोबरी मांडली की वाचणं तिथेच थांबतं कारण आपल्याला आधीच माहीत असलेलंच परत सापडतं. शेखिना झोहरमध्ये इस्राएल लोकांसोबत वनवासात गेलेली आहे, त्यांचं दुःख तिचं दुःख आहे, शुक्रवारी संध्याकाळी ती नववधूसारखी येते. हे शक्तीत कुठे बसतं? आधी तिचं तिचं वाचा, तुलना नंतर करता येईल.

आणि ही बरोबरी मांडायची पद्धतही जुनीच आहे, तिचा एक धागा आपल्या मुंबई-पुण्यातून जातो. मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कट १८७९ मध्ये मुंबईत आले, थिऑसॉफिकल सोसायटीचं काम गिरगावातून सुरू झालं. ब्लाव्हाट्स्कींच्या लिखाणात कब्बाला, वेदांत, बौद्ध मत सगळं एकाच मूळ ज्ञानाचे तुकडे म्हणून येतं. पुण्यात त्यांचे एक सभासद होते अब्राहम डेव्हिड एझिकिएल, बगदादी ज्यू. त्यांनी १८८७ मध्ये झोहरमधल्या इद्रा झुता या भागाचं अरबीत भाषांतर केलं, हिब्रू लिपीत, आपल्या समाजाला वाचता यावं म्हणून, आणि ते पुण्यात छापलं. इद्रा झुता म्हणजे रब्बी शिमोन यांच्या शेवटच्या दिवसाची शिकवण, सगळ्यात जपून ठेवलेल्या भागांपैकी एक. बगदादच्या रब्बींनी याचा कडक निषेध केला.

त्याच १८८७ साली लंडनमध्ये मॅकग्रेगर मेदर्स यांनी हाच भाग इंग्रजीत काढला, पण क्नोर फॉन रोझेनरोथच्या लॅटिनवरून. पुढच्या वर्षी गोल्डन डॉन सुरू करणाऱ्या तिघांपैकी एक हेच. आता हे दोन्ही शेजारी ठेवून बघा. पुण्याचा माणूस अरामीवरून, ज्यूंसाठी, ज्यूंच्या भाषेत काम करतोय आणि तरी थिऑसॉफीच्या चष्म्यातून, त्यामुळे त्याच्याच लोकांनी त्याला विरोध केला. लंडनचा माणूस ख्रिश्चन भाषांतरावरून काम करतोय आणि पुढच्याच वर्षी जादूची संस्था काढतोय. आत आणि बाहेर ही रेघ कुठे ओढायची हे इथे खरंच अवघड होतं, आणि म्हणूनच प्रत्येक पुस्तकाला तीन प्रश्न विचारायचे: कुठल्या भाषेतल्या मजकुरावरून, कुणासाठी, आणि मित्झवांचं काय केलंय.

पायरी ८: प्रत्यक्ष वाचायला कुठून घ्यायचं

सेफारिया ही मोफत साइट आहे, तनख, मिश्ना, तालमूद, सेफेर येत्सिरा, झोहर यांचे मूळ मजकूर तिथे आहेत, काहींना इंग्रजी भाषांतर आहे काहींना नाही. झोहर गंभीरपणे वाचायचा असेल तर डॅनियल मॅट यांनी सुरू केलेली प्रिट्झकर आवृत्ती, १२ खंड, २००४ ते २०१७, खाली टिपा इतक्या आहेत की कित्येक पानांवर मजकूर कमी आणि टिपा जास्त, आणि त्या टिपांसाठीच घ्यावी, एखाद्या युनिव्हर्सिटी लायब्ररीत शोधा. इतिहासासाठी शोलेम यांचं १९४१ चं मुख्य प्रवाहांवरचं पुस्तक, आणि त्यांच्याशी वाद घालणारं मोशे इदेल यांचं १९८८ चं. दोन्ही वाचा, एकावर थांबू नका.

हिब्रू अक्षरं शिका, २२ च तर आहेत, आणि ती आली की निम्मे चुकीचे चार्ट आपोआप ओळखता येतात.

मुंबई, पुणे, अलिबागकडे बेने इस्राएल आणि बगदादी ज्यूंची सिनेगॉग आहेत, मुंबईचं शारे राहमीम १७९६ चं, पुण्याचं ओहेल डेव्हिड म्हणजे आपलं लाल देऊळ १८६७ चं. जायचं असेल तर आधी परवानगी घ्या, डोकं झाका, प्रार्थनेत फोन काढू नका, आणि कृपा करून तिथल्या आजोबांना 'मला कब्बाला शिकवा' असं म्हणू नका, ती त्यांची प्रार्थनेची जागा आहे. शुक्रवारी संध्याकाळी नुसतं बसून ऐका. लेखा दोदी म्हटलं जातं, ते त्सफातच्या अल्काबेत्स यांचं, कडव्यांच्या पहिल्या अक्षरांत त्यांचं श्लोमो हलेवी हे नाव गुंफलेलं आहे, आणि शेवटच्या कडव्याला सगळे दाराकडे वळून शब्बाथचं स्वागत करतात. आधी त्याचं भाषांतर वाचून जा, म्हणजे समोर काय चाललंय ते कळेल.